सिंहाच्या तोंडाचा आकडा

रशीदचाचा कुणालाही भेटले की आधी त्याच्या कमरेकडं बघतात. विचारलं तर म्हणतात, "आधी कंबर, मग तोंड. आपली आदत हाय!" पहिल्यांदा माझ्याकडं असं बघितलं तेव्हा मी घाईघाईनं पँटची चेन तपासली होती.

लातुरात आमच्या क्लासच्या जिन्याखाली त्यांचं बॅगा आणि पट्टे शिवायचं दुकान. मी दिवसाला सहा बॅचना फिजिक्स शिकवतो. संध्याकाळी घसा बसलेला, पाय भरून आलेले, तेवढ्यात हाक येतेच, "सर, बसा की!" आणि बिस्किटांचा डबा उघडतो.

डब्यात जुन्या शिपायांच्या कमरपट्ट्यांचं पितळी सामान. मोराचं बक्कल, कमळाची फुलं, वेलबुट्टीच्या पट्ट्या. औशाच्या किल्ल्यालगत नांगरताना निघालेलं.

"बहामनी सुलतानाच्या टायमाचं हाय, सर. चाप बघा अजून कसा बसतो! तुमचं हे चायना बक्कल सा महिन्यात राम म्हनतंय."

हे मी दोनशे वेळा तरी ऐकलंय. कंटाळा आलाय हो! वर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बक्कलामागं नको म्हटलं तरी त्याचं नाव-गाव ठोकायची खोड. पोरं वैतागतात. मी तर माझा पट्टा त्यांच्या हाती कधी दिलाच नाही.

मागच्या महिन्यात संग्रहालयाचे एक साहेब आले. चाचांनी अख्खा डबा पुढं सरकवला, फुकट. फक्त पट्टा अडकवायचा एक आकडा, सिंहाच्या तोंडाचा, मुठीत दाबून धरला. साहेबांना नेमका तोच हवा होता. ते विनवून विनवून गेले आणि मी भडकलो.

"चाचा, एवढ्याशा पितळेला काय धरून बसलात? देऊन टाकायचं ना!"

"ह्यो मीच माझ्या सलीमच्या पट्ट्याला बसिवला हुता, सर. किल्लारीकडं ऱ्हायचो तवा. पोरगं विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशा वाजवून आलं, लई दमलं हुतं, पट्टाबी न सोडता झोपलं. पहाटं भूकंप झाला. चौथ्या दिशी ढिगाऱ्यातून पोरं काढली, तर तोंडावरून एकबी वळखू येईना. मंग मी एकेकाच्या कमरंकडं बघत गेलो."

मला स्वतःची लाज वाटली. वर सातची बॅच थांबली होती. मी पट्टा सोडला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

चाचांनी हातोडी उचलली. "गाव कंचं, सर?"

"मुरूड," मी म्हणालो, आणि एका हातानं पँट धरून उभा राहिलो.