झेनॉनच्या उजेडात आंबिया बहार

"खरा मानूस उजेडाले भेत नाही, जानराव! ज्याच्या गाडीत झेनॉन नाही, त्यानं दिवस बुडाल्यावर घराबाहेर पायच ठेवू नये!"

असं म्हणून, गाडीला नुकतेच झेनॉनचे पांढरे दिवे बसवून घेतलेल्या नत्थुजींनी घराबाहेर पाय ठेवला, तो थेट जास्वंदीच्या कुंडीत. दारावरचा बल्ब पोळ्यापासून गेलेला होता. नत्थुजी वीज खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे तो बदलायची घरात दुसऱ्या कोणाला परवानगी नव्हती, आणि त्यांना स्वतःला सवड नव्हती.

जानराव म्हणजे नत्थुजींच्या बायकोचे, माणिकबाईंचे धाकटे भाऊ. अकोल्याला जठारपेठेत त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. गाड्यांच्या दिव्यांचे पिवळे हॅलोजन बल्ब विकून त्यांनी दोन पोरींची लग्नं केली होती, त्यामुळे या विषयात ते तटस्थ राहणं शक्यच नव्हतं.

"भाऊजी, पांढरा उजेड दुकानाच्या पाटीले बरा. रस्त्याले पिवळाच पाह्यजे. धुक्यात पांढरा लावसान तं समोर भिंत उभी राह्यते."

"कार्तिकात कुठचं आलं धुकं?"

"बरं, पेटाले किती वेळ लावते तो! हॅलोजन कसा, खटका दाबला का हजर. तुमचा झेनॉन म्हंजे नवरदेव. आधी निळा पडते, मंग लाजते, मंग उजळते."

"पन वीज कमी खाते!" नत्थुजींनी खात्याचा अधिकार वापरला. त्यावर अपील नव्हतं.

हा वाद निकाली काढायचा मुहूर्त मात्र नत्थुजींनी भलताच निवडला होता. शेंदूरजनाघाटला त्यांचा संत्र्याचा बगीचा. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर तोडीला येणारं पीक, झाडावर उभा होता आणि गळ सुरू झाली होती. रोज सकाळी झाडाखाली फळांचा सडा. बहार घ्यायला तयार असलेला शेवटचा व्यापारी म्हणजे शफीभाई, आणि तेही उद्या पहाटे काटोलकडे निघणार होते. आज सौदा झाला नाही, तर सगळा बहार मातीत. शफीभाई फोनवर म्हणाले होते, "भाऊ, दिवसा दाखवा ना." नत्थुजी म्हणाले होते, "दिवसा तं कोनीबी दाखवते!"

अमरावतीहून दोन गाड्या निघाल्या. माणिकबाई भावाच्या गाडीत बसल्या.

"काहून वं? आपल्या गाडीत काटे हायेत काय?"

"तुमच्या गाडीत बसलं का समोरचे शिव्या देतेत. तुमाले ऐकू येत नाहीत, मले येतेत."

मोर्शीपर्यंत समोरून येणाऱ्या एकूण एका गाडीनं डिपर मारला. लोक कौतुक करताहेत असं समजून नत्थुजींनी प्रत्येकाला मान लववली. एका ट्रकवाल्यानं तर गाडी बाजूला घेऊन हातवारे केले. नत्थुजींनी हात जोडले.

बगीच्यात शफीभाई वाट पाहत उभे होते. नत्थुजींनी गाडी पहिल्या ओळीसमोर लावली, इंजिन बंद केलं आणि दिवे चालू ठेवले. सगळी ओळ पांढरीफट्ट उजळली.

"माशाल्लाह!" शफीभाई म्हणाले. "क्या लाइट है, नत्थुभाऊ! पत्ती की नस भी दिखती."

नत्थुजी फुलले.

"ये देखो, पानावर काळी बुरशी. हे फळ आधं हिरवं. हे बी. अन् खाली गळ पाहा, बापरे!"

नत्थुजी मिटले. झेनॉन कोणाचीही भीड ठेवत नव्हता. दिवसा सावलीत झाकलं जाणारं सगळं वैगुण्य तो खोदून काढत होता.

तेवढ्यात जानरावांची गाडी हेलकावे खात आत वळली आणि तिचा उजेड शेजारच्या ओळीवर पडला. झाडं सोन्यानं मढल्यासारखी दिसू लागली. एकही फळ हिरवं नव्हतं.

"अन् हा बगीचा किसका?" शफीभाईंनी विचारलं.

"हा बी माझाच!" नत्थुजी धावले. "जानराव, तुमची गाडी पुढं घ्या! शफीभाई, झेनॉनमंधी रंग उडते. संत्र्याचा असली रंग पिवळ्यातच समजते."

जानरावांनी काच खाली केली. "भाऊजी, खरा मानूस उजेडाले भेत नाही म्हने?"

"संत्रा काय मानूस आहे काय?" नत्थुजी दबक्या आवाजात ओरडले.

शफीभाई हसले. "पिवळ्यात तर निंबू भी संत्रा दिखता, भाऊ." त्यांनी एक फळ तोडलं, सोललं आणि डोळे मिटून खाल्लं. मग खिशातून रुमाल काढून हातावर पसरला. रुमालाखाली बोटांनी भाव करायची ही जुनी रीत. तिथं झेनॉन पोचत नाही आणि हॅलोजनही.

रुमाल बराच वेळ हलत राहिला. मध्येच झेनॉन निळा पडला, लाजला आणि विझला.

"मीच बंद केला," नत्थुजी म्हणाले. त्यांचे दोन्ही हात तेव्हा शफीभाईंजवळ होते.

शेवटी रुमाल थांबला. सौदा झाला.

"पन हे एक बोट काहून कमी केलं?"

"उजेडाचं, भाऊ. आपने दिखाया, मैंने देखा."

"अन् निस्त्या पिवळ्यात दाखवलं असतं तं?"

"तर रुमालच काढला नसता. सकाळी पाहू म्हटलं असतं, अन् सकाळी मी काटोलला."

"ऐकलं, जानराव?" नत्थुजींची छाती पुन्हा भरून आली. "झेनॉननं बहार वाचवला!" ते विजयी पावलांनी गाडीत बसले आणि चावी फिरवली. गाडी नुसती 'कट्' म्हणाली. झेनॉन वीज कमी खातो हे खरंच होतं, पण खात होता. आणि दिव्यांसारखी बॅटरी काही नवी नव्हती.

झेनॉनची गाडी रात्रभर संत्र्यांची राखण करायला मागे राहिली. नत्थुजी मेहुण्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसले आणि अमरावती येईपर्यंत झेनॉन कसा श्रेष्ठ, हे हॅलोजनच्या उजेडात समजावून सांगत राहिले. मोर्शीच्या पुढे जानराव हूं म्हणायचे थांबले. माणिकबाई त्याच्या आधीच झोपल्या होत्या.

घर आलं. जानरावांनी इंजिन बंद केलं, दिवे बंद केले. नत्थुजी कुंडी चुकवत दारापाशी गेले. किल्ली कुलपाच्या डावीकडे लागली, उजवीकडे लागली, मग हातातून खाली पडली. मागे माणिकबाईंनी संत्र्यांची पिशवी खाली आपटली, आणि ते मात्र नत्थुजींना स्वच्छ ऐकू आलं.

त्यांनी घसा खाकरला.

"जानराव, तुमचा तो पिवळा जरासाक लावता काय? किल्ली दिसून नाही राह्यली."