संगणकाच्या कपाळी कुंकू

यंत्राची पूजा कशी करावी, हे मला कुणी शिकवू नये! रांझीच्या कारखान्यात उभी हयात गेली माझी. खंडेनवमीला लेथ मशीनपासून पान्यापर्यंत एकालाही कुंकवाशिवाय सोडलं नाही.

घरात पहिला संगणक आला तेव्हा केवढं ते धूड! सायकलरिक्षातून आणलं, तर अर्धी गल्ली मागे. लोक चपला बाहेर काढून बघायला यायचे. आमच्या हिनं, हेमलतानं, त्याला जुन्या साडीचं आवरण शिवलं आणि नवमीला पडद्याच्या वर, बरोबर मधोमध कुंकू लावलं. म्हणाली, "हे त्याचं कपाळ!"

पुढे संगणक बदलत गेले, बारीक होत गेले. घरातली माणसंही तशीच कमी झाली. मुलगा शैलेंद्र बंगळुरूला गेला, हेमलता त्याहून लांब. आता वहीएवढा लॅपटॉप आणि मी. फार एकटं वाटतं हो!

तर यंदाची नवमी. मोबाइल बंद करून पाटावर ठेवला; हत्यारांना आज सुटी! लॅपटॉप तेवढा चालू ठेवला, कारण शैलेंद्र त्याच्यावरच दिसतो. झेंडूचा हार घातला आणि हेमलताच्या डबीतलं कुंकू तिच्याच जागी, बरोबर मधोमध, ठसठशीत लावलं.

तेवढ्यात कॉल आला.

"बाबा, सगळं लालच लाल दिसून राहिलं! काय झालं?"

"पूजा झाली रे!"

"बाबा, बोला ना! आवाज काहून येत नाही?"

हाराच्या वजनानं कुठलीशी कळ दाबली गेली होती! मी ओरडलो, हात हलवले, जवळजवळ नाचलो. कॉल कटला. मी शिरा ढवळायला आत गेलो.

शिरा होतो न होतो तोच दारावर दणादण थापा! शेजारचा गणपत, मागे बेबीताई, त्यांच्यामागे अख्खी गल्ली.

"भाऊ, लेटून जा! ऑटो आणला आहे!" गणपतनं मला उचललंच.

"अरे, काहून?"

"शैलेंद्रचा फोन आला ना! बाबा रक्तात पडले म्हणे!"

"रक्त नाही रे, शिरा आहे!"

बेबीताईंनी लॅपटॉपकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, कॅमेऱ्यालाच कुंकू लावलं जी तुम्ही!" आमच्या त्या जुन्या संगणकाला त्या जागी कुठला आला कॅमेरा!

त्यांनी पदरानं पुसलं, हार काढला, पोराला पुन्हा कॉल लावला. शैलेंद्र रडवेला दिसला. मग हसला. "बाबा, इतके लोक आपल्या घरी?"

शिरा पुरला नाही. चहा दोनदा झाला. ऑटोवालासुद्धा बसला. गणपतनं जुन्या संगणकाच्या गोष्टी काढल्या, हेमलताची आठवण निघाली. दारात चपलांचा ढीग पडला होता.

"आता रोज फोन करीन, बाबा," शैलेंद्र म्हणाला.

चार दिवस केलासुद्धा. पाचव्या दिवसापासून मीटिंगा सुरू झाल्या.

कुणाला सांगू नका, पण कुंकवाची डबी मी अजून देवघरात परत ठेवलेली नाही. लॅपटॉपशेजारीच असते. आणि रवा आणून ठेवला आहे, या वेळी जरा जास्तच!