झेललेला निकाल

आमच्या कुसरोंडीत हाळी झेलण्याचा खेळ खेळतात आणि दरीपलीकडच्या मोरवाण्यात विहीर ओढण्याचा. दोन्हींत जास्त कौशल्य कशाला लागतं हे ठरवायला जिल्ह्याहून समिती आली आणि तिनं आमच्या कड्यावर दरीकडे पाठ करून खुर्च्या मांडल्या. माझा संताप तिथून सुरू होतो.

हाळी म्हणजे लांबच्या माणसाला मारलेली हाक. एक गडी कड्यावरून हाळी देतो आणि खालच्या टप्प्यावर उभा असलेला गडी ती हवेतच झेलतो. नीट झेलली तर समोरचा डोंगर गप्प राहतो. सुटली तर डोंगर तेच शब्द परत बोलतो आणि फजिती सगळ्यांना कळते. ताजी हाळी नुकत्याच घातलेल्या अंड्यासारखी कोमट असते. मूठ आवळली तर चुरगळते. गुराख्याची हाळी लांबलचक असते, ती दाव्यासारखी कोपराभोवती गुंडाळून घ्यावी लागते. हात मात्र कोरडे हवेत. ओल्या हातातून हाळी सटकते, म्हणून घाम येणं हा आमच्यात नवशिक्याचा दोष मानतात.

झेललेली हाळी त्याच दिवशी मालकाच्या ओंजळीत परत द्यायची, हा रिवाज. तोवर मालकाला तेवढे शब्द उच्चारता येत नाहीत, बाकी सगळं बोलता येतं. त्याच्या हातून पडली तर झेलणाऱ्यानं ती उचलायची आणि त्याला घेता येईपर्यंत पुन्हा पुन्हा न्यायची. आमच्या गावात कोंबडीचोराला मुलगी देतील, हाळी ठेवून घेणाऱ्याला देणार नाहीत.

विहीर ओढणं सोपं आहे असं मी म्हणत नाही. दोन बाजूंनी दोर लावून भरली विहीर बांधाच्या अलीकडे आणायची आणि पाणी हिंदकळू द्यायचं नाही, याला अंगात रग लागते. त्यांचा कप्तान जालिंदर मोकाशी विहिरीशी बोलत बोलत ओढतो. ते बघण्यासारखं आहे. प्रश्न तो नाही. प्रश्न असा की जिंकणाऱ्या खेळाला हरणाऱ्याचं मैदान मिळणार होतं आणि हरणारा खेळ बंद होणार होता. मोरवाण्याला विहिरी ठेवायला जागा हवी होती. आम्हाला झेलायला हा एकच कडा आहे.

समितीचे अध्यक्ष निरगुडकर साहेब. त्यांचे सहायक पाटोळे. तुलना घामावर होणार होती. पाटोळे प्रत्येक खेळाडूचं अंग पंच्यानं पुसायचे आणि पंचा ताणकाट्याला लावून वजन करायचे. विहिरीवाल्यांचे पंचे भिजून लोंबत होते.

मग आमचा डाव झाला. माझी तानूआत्या वरून हाळ्या देत होती आणि खाली मी झेलत होतो. एकही सुटली नाही. डोंगर शेवटपर्यंत गप्प होता. मी वर आलो तेव्हा निरगुडकर साहेब घड्याळाकडे बघत होते.

"सुरुवात कधी करणार?" त्यांनी विचारलं.

"झाला की वो डाव!" आत्या म्हणाली.

"आम्हाला काही ऐकू आलं नाही."

"न्हाईच येणार. पोरगं झेलतंय न्हवं?"

"बाई, काहीच घडलं नाही, तर कौशल्य कशात मोजायचं?"

"मागं वळून बगा की. पाठीला डोळं हायत का तुमच्या?"

साहेब म्हणाले की खुर्च्या एकदा मांडल्या की हलवत नाहीत. पाटोळ्यांनी माझं अंग पुसलं. पंचा कोरडा. काटा हललासुद्धा नाही. जालिंदर मोकाशी मिशीत हसला, "अंकुशराव, आंघोळ तरी करून यायचं." लोक हसले. मला चारचौघांत बोलता येत नाही. सातवीपर्यंत शाळेत होतो, तेव्हा हजेरीत माझं नाव आलं की लाजून मी ते बाकाखाली झेलायचो. शेवटी मी शाळेत नाहीच असं ठरलं. त्या दिवशीही माझ्या डोक्यात पुष्कळ होतं, पण मी खाली बघून सदरा चढवला.

निकाल दोन्ही गावांसमोर अध्यक्षांनी स्वतःच्या तोंडानं द्यायचा, तरच लागू होतो. कर्णा बिघडला होता आणि वारा सुटला होता. साहेब खुर्चीवर उभे राहिले आणि पोट आत घेऊन ओरडले. ओरडले म्हणजे ती हाळी झाली. मी समोर होतो. गुडघे आपोआप वाकले.

कुणालाच काही ऐकू आलं नाही. माझ्या ओंजळीत ती होती: "हाळी झेलणे हा खेळ नाही."

समिती गाडीत बसून निघून गेली. लोक एकमेकांना विचारत राहिले की निकाल काय लागला. मी आत्याला ओंजळ दाखवली. तिनं कान लावून ऐकलं.

"आत्या, ठेवून घेऊ?"

"मुडद्या, गिळून टाकतोस का? जा, दिऊन ये."

"दिली तर आपला खेळ बंद."

"आन् ठेवलीस तर चालू ऱ्हाईल व्हय? त्यो खेळ मंग कुसरोंडीचा न्हाई. नीघ."

मी एसटीनं जिल्ह्याला गेलो. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे कंडक्टरनं माझ्या खिशातून तिकिटाचे पैसे काढून घेतले. पाटोळ्यांनी दारातच अडवलं.

"काय आणलंय?"

"साहेबांचा निकाल."

त्यांनी ओंजळीवर हात धरला. "गरम आहे अजून," म्हणाले आणि आत सोडलं.

"निकाल मी दिलेला आहे," निरगुडकर साहेब म्हणाले.

"दिलाय, पण पोचला नाही."

"मग परत देतो." ते उभे राहिले. तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यांनी पाणी प्यायलं, पुन्हा उघडलं, पुन्हा काही नाही. "बाकी तर बोलता येतंय मला," ते चिडून म्हणाले.

"बाकी येतं, साहेब."

"लेखी पाठवू या का?" पाटोळ्यांनी विचारलं.

"लेखी निकाल ही उच्चारलेल्या निकालाची नक्कल असते, पाटोळे. उच्चार कुठाय?"

पाटोळ्यांनी माझ्या ओंजळीकडे बोट दाखवलं.

साहेबांनी बसल्या बसल्या एक हात पुढं केला. भाजी घेताना पिशवी धरतात तसा. मी सांगितलं की दोन्ही हात लागतील. त्यांनी दोन्ही केले, पण बोटं फाकलेली. हाळी खाली पडली आणि टेबलाखाली गेली. मी ती उचलून फुंकर मारली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. तळहाताला घाम होता.

आता मात्र माझ्या तोंडून निघालंच. "खुर्चीत बसून कुणी झेलतं का, साहेब? उभं राहायला काय होतं? कोपर बरगडीला लावा! आमच्याकडे याला वर्ष वर्ष जातं आणि तुम्ही पाठ करून बसता!"

पाटोळे दचकले. साहेबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "सराव कुठे करतात?" त्यांनी विचारलं.

तेव्हापासून ते दर रविवारी पाटोळ्यांना घेऊन कुसरोंडीला येतात. आत्यानं साहेबांना नवशिक्यांच्या ओळीत उभं केलं आहे. तिथं आधी कोंबड्यांना बोलावतात तसल्या बारक्या हाका देतात. त्याही त्यांच्या हातून पडतात, आणि सरावानंतर मी पुढं केलेला निकालही. ज्या दिवशी त्यांना त्यांचा निकाल झेलता येईल त्या दिवशी तो ते देतील आणि कड्यावर विहिरी येतील. जालिंदर मोकाशी अधूनमधून येऊन विचारतो, "आली का हातात?" आत्या मला म्हणते, नीट शिकव, हातचं राखू नकोस. मी नीटच शिकवतो. पण ते हात बघितले की मला अजून राग येतो.

परवा सराव संपला तेव्हा साहेबांचा सदरा पाठीला चिकटला होता. पाटोळ्यांनी सवयीनं त्यांचं अंग पुसलं आणि पंचा ताणकाट्याला लावला. काटा विहिरीवाल्यांच्या पुढं गेला. पाटोळ्यांनी काटा झटकून पुन्हा लावला. तेवढाच आला. त्यांनी तो साहेबांना दाखवला.

साहेबांनी काट्याकडे पाहिलं. मग तळहात मातीला पुसले, दरीकडे तोंड केलं आणि गुडघे वाकवले.

"अजून थोडे," मी म्हणालो.