पन्नासपैकी अडतीस

"मिस्टर ब्रँड्समा, तुमचं प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र मार्चमध्येच संपलंय," शेरिफच्या ऑफिसातली हेदर फोनवर म्हणाली, आणि फोनवर बोलताना कधी न बसणारा लाइल ब्रँड्समा मुकाट्याने खुर्चीत बसला.

"आता ऑक्टोबर आहे," तो म्हणाला.

"हो ना."

"आणि चाचणी परवा, शनिवारी आहे."

"म्हणूनच तर फोन केला."

निवृत्त पोलिसाला पिस्तूल जवळ बाळगायचं तर वर्षातून एकदा नेमबाजीची चाचणी द्यावी लागे. पन्नास गोळ्या, त्यातल्या चाळीस निशाणावर, की कार्ड हातात. पण चाचणी घेणाऱ्यापाशी प्रशिक्षकाचं चालू प्रमाणपत्र हवं. निवृत्त झाल्यापासून एकोणीस वर्षं हे काम लाइलच करत होता. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, खडीच्या खाणीमागे. कानांवर संरक्षक चढवल्याशिवाय आलेल्या माणसाला तो गुड मॉर्निंगसुद्धा म्हणत नसे. पूर्वी सातजण यायचे. कुणी ॲरिझोनाला मुलांकडे गेले, कुणी चर्चमागच्या दफनभूमीत. आता वेंडेल क्रूस आणि बर्नीस टॉलफसन एवढे दोघेच उरले होते.

तारखा लक्षात ठेवणं हे लाइलचं काम कधीच नव्हतं, ते त्याच्या बायकोचं, मार्लिसचं. दर नव्या वर्षी ती जुनं कॅलेंडर फ्रिजवरून काढून टेबलावर ठेवी, शेजारी नवं, आणि एकेक तारीख त्यात उतरवी. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. फ्रिजवर अजून तिचंच कॅलेंडर होतं, ती गेली त्या मे महिन्यावर थांबलेलं. ते पान उलटायला लाइलचा हात होत नव्हता.

"बरं, नूतनीकरण कसं करायचं ते सांग," तो म्हणाला.

"नोव्हेंबरात डे मॉइनला दोन दिवसांचा वर्ग आहे. येताना तुमचं स्वतःचं चालू कार्ड आणा. तुमची चाचणी कोण घेतं?"

"वेंडेल. स्वतःची स्वतः घेता येत नाही, एवढं कळतं मला. त्याच्याकडेही प्रमाणपत्र आहे, दिवाणखान्यात फ्रेम करून लावलंय."

"मग त्यावरची तारीख तेवढी कळवा."

लाइल पिकअप काढून वेंडेलकडे गेला. वेंडेल पंचाहत्तरीचा, पोट शर्टाच्या बटणांशी कायम भांडत असलेला. दोघं फ्रेमपुढे चष्मे लावून उभे राहिले. सोनेरी कडेत वेंडेलचं नाव होतं, शिक्का होता, सही होती. तारीख कुठेच नव्हती.

"कडेखाली गेली असेल," वेंडेल म्हणाला.

"कडेखाली कशी जाईल?"

"अरे, कागद मोठा होता, फ्रेम लहान. मी खालून थोडा दुमडला."

स्क्रूड्रायव्हरने फ्रेम उघडली. दुमडलेला भाग सरळ केला. तारीख होती. सहा वर्षांपूर्वीची.

लाइलने तिथूनच हेदरला फोन लावला. पलीकडे बराच वेळ टाइप केल्याचा आवाज येत राहिला.

"म्हणजे मिस्टर क्रूस यांनी सहा वर्षं तुमची घेतलेली चाचणी बाद," ती सावकाश म्हणाली. "तुमचं कार्ड बाद, म्हणून त्या कार्डावर केलेलं तुमचं मागचं नूतनीकरण बाद. मग तुम्ही घेतलेली मिस्टर क्रूस यांची चाचणी बाद, मिसेस टॉलफसन यांचीही बाद. आणि प्रमाणपत्र नव्याने घ्यायचं तर मिस्टर क्रूस यांना चालू कार्ड लागेल, ते द्यायला प्रशिक्षक लागेल, आणि प्रशिक्षक म्हणजे..."

"मी," लाइल म्हणाला.

"तुम्हीच. थोडक्यात, सहा वर्षं आपल्या काउंटीत कुणीच पास झालेलं नाही. शनिवारचं रद्द करते मी. सॉरी हं."

फोन ठेवून लाइल सोफ्यावर बसला. कार्डाचं त्याला तितकंसं वाटत नव्हतं. पण शनिवार हातचा गेला. मार्लिसची आठवण त्याला रोजच यायची, भांडी घासताना यायची, तिच्या बाजूची उशी सरळ करताना यायची, आणि ती सोसायला घरात तो एकटाच असायचा. त्या एका दिवशी मात्र तिच्या आठवणी काढणारे तिघं असत. पेट्रोलपंपावरचे शिळे डोनट खात का होईना, पण तिघं. आता कागदच नसेल तर कोण कशाला येतंय खाणीमागे थंडीत कुडकुडायला?

"बर्नीसला मी सांगतो," तो म्हणाला. "मी घातलाय घोळ."

"तिला बोलावलंय मी. येतेच आहे," वेंडेल म्हणाला, आणि मग शर्टाच्या बटणाशी खेळू लागला. "लाइल, एक सांगायचंय. माझं पिस्तूल मी चार वर्षांपूर्वी विकलं. बर्फ काढायचं मशीन घेतलं त्यातून."

"मग चार वर्षं चाचणी कशाने दिलीस?"

"माझ्या पिस्तुलाने," दारातून बर्नीस म्हणाली. ती तुरुंगाची अधिकारी म्हणून निवृत्त झालेली, उंच, काटकुळी बाई. अजूनही ती खोलीत आली की माणसं हात खिशातून काढत. "मला ते भाचीला द्यायचंय, डुलूथला पोलिसात लागलीय ती. पण दिलं तर हा काय घेऊन येणार? म्हणून ठेवलंय."

"अन् मी म्हटलं, मी नाही आलो तर ही एकटी कशाला येईल," वेंडेल म्हणाला. "मग तू काय झाडांची चाचणी घेशील?"

"म्हणजे तुम्ही दोघांनी मला चार वर्षं फसवलंत," लाइल कडक आवाजात म्हणाला. "प्रशिक्षकाला."

"फसवलं?" बर्नीस समोर बसली. "दर वर्षी तू दोन अर्ज भरतोस. पिस्तुलाचा नंबर स्वतःच्या हाताने लिहितोस. चार वर्षं दोन्ही अर्जांवर एकच नंबर आहे, लाइल. एकदाही तुझा पेन थांबला नाही?"

लाइलने चष्मा काढून शर्टाला पुसला.

"नंबर ओळखीचा वाटायचा खरा," तो म्हणाला.

वेंडेलने तिघांसाठी कॉफी ओतली, आणि ती पिऊन लाइल घरी आला. फ्रिजपुढे तो बराच वेळ उभा राहिला. मार्लिसने प्रमाणपत्राचं कुठे काही लिहून ठेवलंय का, एवढंच बघायचं असं स्वतःला बजावून त्याने मेचं पान उलटलं. जून, जुलै, ऑगस्ट. प्रमाणपत्राचा कुठे उल्लेख नव्हता. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'चिली. मोठं पातेलं. दालचिनीचे रोल दोन डझन. वेंडेलला कांदा कमी.'

चिली म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, चाचणीनंतर ती सगळ्यांना घरी वाढायची तो. चाचणीचं मात्र एक अक्षर नव्हतं. लाइलने ते तीनदा वाचलं आणि टेबलाशी बसून रडला, दोन वर्षांत पहिल्यांदाच नीट, मोकळेपणी. मग तोंड धुतलं आणि मोठं पातेलं शोधायला लागला.

शनिवारी दुपारी बर्नीस आणि वेंडेल त्याच्या स्वयंपाकघरात आले. पिस्तूल कुणीच आणलं नव्हतं. राजमा भिजवायचा असतो हे लाइलला उशिरा कळलं होतं, खिमा तळाला लागला होता, आणि रोल असे झाले होते की वेंडेलने एक टेबलावर आपटून बघितला. पण वेंडेलच्या वाडग्यात कांदा कमी होता. ते लक्षात आल्यावर वेंडेल चमचा ठेवून खिडकीबाहेर मक्याच्या कापणीकडे बघत राहिला.

बर्नीसने पर्समधून चाचणीचा कोरा अर्ज काढला आणि पेनचं टोपण उघडलं.

"हे काय?" लाइलने विचारलं.

"तुझी चाचणी. पन्नासपैकी. पास व्हायला चाळीस."

"आणि तुझं प्रमाणपत्र कुठाय?"

"सतरा वर्षं मार्लिसच्या हातची चिली खाल्लीय मी. आणखी कसलं प्रमाणपत्र पाहिजे तुला?"

यावर लाइलपाशी नियम नव्हता. बर्नीसने एक घास घेतला, दुसरा घेतला, रोल कॉफीत बुडवून बघितला. वेंडेल कुजबुजला, "चाळीस देऊन टाक गं, बिचाऱ्याने बोटं भाजून घेतलीयत." तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. आकडा लिहिला, खाली सही केली आणि कागद लाइलपुढे सरकवला.

अडतीस.

"दोन गुणांनी?" लाइल म्हणाला.

"नियम म्हणजे नियम. नापास झालास," बर्नीस म्हणाली. "आता पुढच्या ऑक्टोबरात परत चाचणी द्यावी लागेल. पहिल्या शनिवारी."

"आणि तेव्हाही नापास झालो तर?"

"तर त्याच्या पुढच्या."

लाइल उठला. बँकेतून फुकट आलेलं नव्या वर्षाचं कॅलेंडर ड्रॉवरमध्ये तसंच गुंडाळलेलं पडलं होतं. त्याने ते टेबलावर उलगडलं, फ्रिजवरचं काढून शेजारी ठेवलं, आणि बर्नीसकडे पेन मागितलं.