एका पिल्लाची गर्दी

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी आमच्या शेजारी असा एक माणूस राहायला आला, जो दार वाजवून आत येत नसे; दार वाजवून बाहेर जात असे.

येताना सरळ आत. चपला तेवढ्या ओट्यावर काढायच्या. चहा प्यायचा, गप्पा मारायच्या आणि निघताना चौकटीवर बोटाच्या पेरानं दोन टिचक्या. टक टक. मग पाऊल बाहेर. पहिल्या दिवशी माझी सून शोभा दूध तसंच गॅसवर टाकून धावत आली. "आबा, कोन उनं?"

"कोनी उनं नही," मी म्हटलं. "नाना गया."

हे सुकदेव नाना. एसटीत कंडक्टर होते. धुळ्याच्या आणि जळगावच्या गाड्यांवर सगळी नोकरी गेली. दोन बेल म्हणजे गाडी सोडा, एक बेल म्हणजे थांबा, हे त्यांच्या हाडात गेलेलं. जेवायला बसले की ताटाच्या कडेला एक टिचकी म्हणजे भाजी पुरे. दोन म्हणजे येऊ द्या. आमच्याकडे भरीत-पुरीला बोलावलं तेव्हा शोभा बिचारी एका टिचकीला वाढत राहिली आणि नाना संकोचानं खात राहिले. तीन दिवस पोट धरून बसले होते.

नाना आमच्या गावचे जावई. त्यांची बायको सीता इथलीच, आमच्या गल्लीतली. तिला मूलबाळ झालं नाही. नाना रिटायर झाले आणि पुढच्या पावसाळ्यात ती गेली. माहेरचं घर तिच्याच नावावर होतं, ते कुलूप उघडून नाना एक पेटी, एक खाट आणि इस्त्रीचे खाकी कपडे घेऊन राहायला आले. आता जावई म्हटला की गावानं त्याचा मान ठेवायचा असतो. पण ह्या जावयाचा मान ठेवणं अवघड होतं, कारण ते माणसाला चिकटून बसत.

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. मला फार गोष्टी कळत नाहीत, पण एक कळतं: अंगाला अंग लागलेलं मला खपत नाही. एसटीत गर्दी दिसली तर मी धरणगावहून पायी आलेलो आहे. बैठकीत बसलो तरी दोन्ही बाजूंना हात-हात जागा सोडून बसतो. आणि नाना? लग्नाच्या मंडपात खुर्च्याच खुर्च्या रिकाम्या असायच्या, तरी हे येऊन माझ्या खुर्चीला खुर्ची भिडवणार. वर म्हणणार, "सरका थोडं. सरका, आबा, आत जागा आहे." मी उठून दुसरीकडे बसलो की हेही उठून येत.

असा हा माणूस. आणि ह्याच माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, ते सांगायला मी बसलोय.

माझी एक कुत्री होती, टिकली. कपाळावर पांढरा ठिपका, बाकी अंग मातीच्या रंगाचं. तिची आई माझ्या शेतावर होती, आईची आईही होती. त्या घराण्यातल्या कुत्र्याला मी कधी साखळी घातली नाही. गावात लोक साखळ्या घालतात, घालोत. माझ्या दारात साखळीचा आवाज कधी झाला नाही, याचा मला अभिमान आहे, आणि अभिमान करावा अशा गोष्टी माझ्याकडे फार नाहीत.

टिकली म्हातारी झाली होती. यापुढे ती विणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. हिवाळ्यात तिचं पोट जरा सुटलं तेव्हा शोभा म्हणाली, खाऊन माजली. एका दुपारी टिकली घरात शिरली आणि पुढच्या खोलीतल्या कापसाच्या ढिगावर चढून बसली. कापूस भावाची वाट बघत कमरेएवढा रचलेला. त्या ढिगावर मी माझ्या मुलालाही कधी पाय ठेवू दिला नाही. मी काठी उचलली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी काठी खाली ठेवली.

कळा देऊन देऊन ती दमली, पण पिल्लू काही येईना. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते आले तेव्हा नाना आधीच ढिगावर टिकलीच्या डोक्याशी मांडी घालून बसले होते, अंगभर कापूस. डॉक्टरांनी हाताला तेल लावलं, तपासलं आणि म्हणाले, "पिल्लू मोठं आहे. दारातच अडकलंय."

नाना वाकून टिकलीच्या शेपटीकडे बघत म्हणाले, "चला, पुढे चला. दरवाजात उभं राहू नका. उतरून घ्या."

"नाना, गप बसा ना!" शोभा रडत होती आणि हसतही होती.

डॉक्टरांनी सुई दिली, मग कळ आली की हलक्या हातानं ओढत राहिले. शेवटी आलं बाहेर. चांगलं थोराड पिल्लू, पण लुळं. डॉक्टर पंच्यानं त्याला खसाखसा पुसत होते. नानांना राहवेना. शेजारी घमेलं होतं, त्याच्यावर त्यांनी जोरात दोनदा वाजवलं. टण टण. आणि पिल्लानं तोंड उघडून 'कुं' केलं. डॉक्टरांच्या पुसण्यानंच ते जगलं, हे मलाही कळतं. पण नाना आजही म्हणतात, बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही.

आम्ही दुसऱ्या पिल्लाची वाट बघत बसलो. डॉक्टरांनी पोट चाचपलं. "नाही. एकच आहे."

"एकच?" नाना एकदम खाली बसले. "एवढ्या सीटा, आणि पॅसेंजर एक?"

त्या दिवसापासून त्याचं नाव पशिंजर.

डॉक्टर जाताना नीट समजावून गेले. एकट्या पिल्लाला ऊब देणारी भावंडं नसतात, थंडीत जपा. सगळं दूध ते पिऊ शकत नाही, आचळात गाठी होतात, त्याला फिरवून फिरवून पाजा. आणि शेवटचं सांगितलं, की असं पिल्लू पुढे फार जोरात चावतं. भावंडं उलट चावतात तेव्हा पिल्लाला कळतं दुखतं किती. ह्याला ते कोण शिकवणार?

मी हे ऐकलं आणि विसरलो. नाना ऐकून उभे राहिले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, "गर्दी नाही म्हणून पॅसेंजर बिघडतो. गर्दी करू."

दुसऱ्या दिवशी नानांनी पेटीतली जुनी खाकी पॅन्ट काढली. तिचे पाय कापले, त्यांत सरकी भरली, तोंडं शिवली. ती बोचकी उन्हात तापवायची आणि पिल्लाभोवती लावायची. ही त्याची भावंडं. पिल्लू दूध पिऊ लागलं की नाना त्यातलंच एक बोचकं घेऊन त्याला हळूच रेटायचे. पिल्लू घसरायचं, कुरकुरायचं, पुन्हा डोकं घुसवायचं.

"नाना, त्याले सुखमा पेऊ द्या ना!" शोभा म्हणायची.

"सुखानं बसलेला पॅसेंजर म्हातारीला जागा देत नाही, सूनबाई."

मग त्याला उचलून दुसऱ्या आचळाला लावायचे. "सीट बदला. पुढची महिलांसाठी राखीव आहे." टिकली मान वळवून त्यांच्याकडे बघायची. तिच्या चेहऱ्यावर मला नेहमी वाटायचं, की हा माणूस माझ्या आधीच्या बाळंतपणांना कुठे होता?

पशिंजर वाढला. डोळे उघडले, पाय फुटले, दात आले. आणि डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. सुईसारखे दात, आणि जे दिसेल त्यात पुरते रोवायचे. माझी टाच फोडली. शोभा अंगणात बसून कापूस निवडत होती, तर तिच्या लुगड्याचा पदर धरून फाडला.

"आबा, यानं मना पदर फाडी टाका! उद्या वेचणीना बायास्ले चावना मंग?"

मुलगा शांत स्वभावाचा आहे, पण त्या संध्याकाळी तो बाजारातून साखळी घेऊन आला. खुंटीवर अडकवली. म्हणाला, "आबा, वेचणीच्या बायांच्या हातावरच आपलं पीक आहे. संक्रांतीपर्यंत बघू. नाही सुधारला तर बांधायचा."

तो चुकत नव्हता. मी साखळीकडे बघितलं आणि न जेवता झोपलो. त्या घराण्यातला शेवटचा जीव, आणि माझ्या दारात साखळीचा आवाज होणार.

शोभानं ही गोष्ट नानांच्या कानावर घातली असणार, कारण सकाळी नाना आले ते पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून. अंगणात चार पायांवर उतरले. चष्मा नाकावर, शर्टाला कडक इस्त्री. पशिंजर धावत आला आणि त्यानं त्यांच्या मनगटात दात रोवले. नानांनी अशी काही किंकाळी मारली, "कुंईऽऽ!", की समोरच्या घरातून माणसं बाहेर आली. मग नानांनी जमिनीवर एकच टिचकी मारली, टक, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. पिल्लू हबकलं. पाठीमागून फिरलं, शर्ट ओढून पाहिला. नाना हलले नाहीत. बऱ्याच वेळानं दोन टिचक्या, टक टक. पुन्हा चार पायांवर. पुन्हा खेळ. पुन्हा कुंई.

गल्लीत लोक जमायला लागले. गावचा जावई भर अंगणात कुत्र्यासारखा रडतो म्हटल्यावर कोण घरात बसेल? समोरचा भाऊराव मला म्हणाला, "आबा, जावाईले काय व्हयनं? बाहेरनं काही लागनं का काय?"

"तुले काय करनं शे?" मी म्हटलं. "तो मना पोऱ्याले शाळा शिकाडी राहिना."

नानांच्या हातावर दातांची नक्षी उठली. मी हळद लावायला बोलावलं तर म्हणायचे, "ड्यूटीवर आहे." दररोज हेच. पशिंजरचे दात आधी जोरात लागायचे, मग जरा, मग नुसते टेकायचे. नाना मग कुंईसुद्धा हळू करायचे. शेवटी शेवटी तो त्यांचा हात तोंडात धरायचा तो चिमणीचं अंडं धरावं तसा.

संक्रांतीला शोभा अंगणात तीळ निवडत होती. पशिंजरनं सवयीनं तिचा पदर धरला. मुलगा जागचा उठला, खुंटीकडे वळला. शोभानं ताटावर बोटानं एकदाच वाजवलं. टक. पशिंजरनं पदर सोडला, तिच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. थेट नानांसारखा.

मुलानं साखळी उतरवली आणि विहिरीच्या पोहऱ्याला लावली. ती अजून तिथेच आहे.

नाना त्या दिवशी तिळगूळ खायला आले. हकीकत ऐकली, हसले, म्हणाले, "चला, म्हणजे माझी ड्यूटी संपली." चौकटीवर दोन टिचक्या दिल्या आणि गेले. मी त्यांना आभाराचा एक शब्द बोललो नाही. येतच नाही मला. आमच्या घरात कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. समोरच्यानं मनातलं ओळखून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी नाना आले नाहीत. तिसऱ्याही नाही. पशिंजर उंबऱ्यावर पडून राहायचा, कोणी चौकटीला हात लावला की कान टवकारायचा. तेव्हा मला कळलं, की मीही तेच करतोय.

एका दुपारी मी फाट्यावर गेलो, जिथे एसटी थांबते. शेडमध्ये लांबच्या लांब सिमेंटचा बाक, आणि त्याच्या एका टोकाला नाना, इस्त्रीच्या कपड्यांत.

"कथा जाई राहिनात, नाना?"

"कुठंच नाही."

चहाच्या टपरीवाला म्हणाला, "रोज येतस. समद्या गाड्या सोडतस, घर जातस."

मी उभाच राहिलो. तेवढ्यात एक गाडी आली. माणसं उतरली, चढली, एका बाईचं गाठोडं नानांच्या खांद्याला घासून गेलं. नानांनी ते गाठोडं वर चढवून दिलं. गाडी गेली, धूळ बसली. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आबा, जन्मभर मी लोकांना सरका म्हटलं. रात्री घरी गेलो की सीता मला म्हणायची, सरका. एवढीशी खाट, त्यात मी आडवातिडवा. कोपर मारून सरकवायची. तीच खाट घेऊन आलोय. आता सगळी माझीच आहे. झोप लागत नाही."

मी म्हटलं, "ऊन फार शे," आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पशिंजरला घेतलं, साखळीशिवाय, आणि फाट्यावर गेलो. नाना बाकाच्या टोकाला बसले होते. बाकी सगळा बाक रिकामा. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "सरका."

त्यांनी रिकाम्या बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सरकले. मी बसलो, खांद्याला खांदा लावून. पशिंजर आमच्या मधल्या फटीत डोकं घुसवायला लागला. नानांनी बाकावर बोट टेकवलं. मी त्यांच्या आधीच वाजवलं. एकदाच. थांबा.