नवरदेवाचा पिकप

लग्नातला सगळ्यात बेभरवशाचा पाव्हणा म्हणजे घोडा, हे माझं ठाम मत आहे! आखाडा बाळापुरात माझं बिछायत केंद्र आहे. मांडव, भांडी, खुर्च्या, लाऊडस्पीकर, सगळं मिळतं. त्यामुळे घोडे मी भरपूर पाहिलेत. ऐन आरतीच्या वेळी लीद टाकतात, फटाका वाजला की नवरदेवासकट उधळतात, आणि वर त्यांच्या मालकांचा रुबाब! म्हणून दोन हजार सहा साली मी ठरवलं, आता घोडा बंद. घोड्याच्या जागी यंत्र!

यंत्र म्हणजे चार चाकांची फटफटी. हँडल मोटरसायकलचं, चाकं फुगीर, इंजिन टू-स्ट्रोक. कुठल्याशा बंद पडलेल्या वॉटर पार्कातून ती नांदेडच्या भंगारात आली आणि भंगारातून माझ्या दारात. मी पुढे बसून चालवणार, मागे नवरदेव राजासारखा बसणार. पहिलं गिऱ्हाईक घरातच होतं, माझा भाचा बजरंग. मुलगी, मोहिनी, हट्टा गावची, लग्नही तिथेच.

"हनुमान, माझं एकच लेकरू हाय," बजरंगची आई, म्हणजे माझी थोरली बहीण सिंधूअक्का, बोट नाचवत म्हणाली. "बाराचा मुहूर्त टळला तर जन्मात तुझ्या दाराला येणार न्हाई!"

"अक्का, तू निवांत राहा. मुलीकडच्यांना सांग, घोडा नको म्हणून."

तिने सांगितलं. त्यांनी ठरवलेला घोडा लगेच दुसऱ्या लग्नाला गेला. परतीचे दोर असे मी स्वतःच्या हाताने कापले!

मग बजरंगला मागे बसवून मी गाडी काढली. बजरंग पैलवान गडी. देवळाच्या चढावर गाडीने दोन उचक्या दिल्या आणि थांबली.

"मामा, पिकप न्हाई याला," बजरंग म्हणाला.

समोरच्या हॉटेलात आमचे दाजी, बजरंगचे वडील संपतराव, चहा पीत बसले होते. मला छळायला त्यांना निमित्त लागत नाही. "काय हनुमान? पिकप कुठं गेला?"

"येईल, दाजी! लग्नाच्या दिवशी असा पिकप येईल की सगळं हट्टा बघत राहील!"

हे मी भर चौकात, मोठ्याने बोललो. लक्षात ठेवा.

गाडी नेली धर्मसिंग मिस्त्रीकडे. "पिकप बढाना है. लेकिन सस्ते में!" मी बजावलं.

"सस्ते में ही मजा है, सेठ."

त्याने इंजिनाचं हेड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलं. सिलिंडरची भोकं कानशीने मोठी केली. एअर फिल्टर उपटून फेकला. "इंजन को दम लेने दो!" सायलेन्सर तर अफलातून! माझ्याच दुकानातली रॉकेलची दोन मोठी नरसाळी तोंडाला तोंड लावून वेल्डिंग केली. "रेस की गाडी में यहीच रहता." किक मारली तशी गाडी अशी किंचाळली की शेजारचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला.

"ध्यान से सुनो, सेठ. धीरे चलाओगे तो मरेगी. ऊपर से भागेगी. बीच का कुछ नहीं!"

मी फक्त 'भागेगी' ऐकलं.

लग्नाचा दिवस उजाडला. आमच्याकडे नवरदेव आधी मारुतीला जातो आणि मग मांडवात. त्याला परण्या म्हणतात. आणि परण्या चालतो हळू! बँड दोन पावलं पुढे जातो, एक मागे येतो, मध्ये मावश्या नाचतात. आयुष्यभर लग्नं उरकणाऱ्या माणसाला हे आधी सुचू नये? नाही सुचलं!

बँड सुरू झाला. मी हळूच मूठ पिळली. भुट्ट, भुट्ट, बंद. किक. बँड सुरू. भुट्ट, बंद! नरसाळ्यातून धूर असा निघाला की मावश्या नाचायच्या सोडून खोकायला लागल्या. माझ्या पायाचा पार भुगा झाला.

"हनुमान, पिकप आला का रे?" धुरातून दाजींचा आवाज.

"साडेअकरा व्हऊन गेले!" हा अक्काचा.

माझं डोकंच फिरलं. मूठ पिळली ती पूर्ण!

पुढची दोन्ही चाकं उचलली. बँड दुभंगला. ढोलवाला ढोलासकट कडब्याच्या गंजीवर. मारुतीला आम्ही लांबूनच हात जोडले, म्हणजे बजरंगने जोडले. मी ब्रेक शोधत होतो. समोर मांडवाच्या दारात सुवासिनी ताटं घेऊन उभ्या. स्पीकरवरून आवाज, तोही माझ्याच स्पीकरवरून: "नवरदेवाचं आगमन होऊन राहिलं हो... होऊन राहिलं... गेलं!"

"मामा, मांडव मागं राहिला!" बजरंग ओरडला.

"मला दिसतंय रे!"

गावाबाहेर एका खळ्यावर हळद पॉलिश करणं चालू होतं. यंत्रातून निघालेल्या पिवळ्या भुशाचा ढीग लागला होता. इंजिनाने फिल्टरविना गावभरची धूळ गिळली होती. ऐन त्या ढिगासमोर ते कर्रकन जाम झालं, गाडी थांबली आणि आम्ही थांबलो नाही.

खळ्याची मालकीण रूपाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्याजर्द बजरंगला म्हणाली, "काहून बाबा, काल घरी हळद लावली न्हाई का?"

बजरंगच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामा, मोहिनी वाट बघून राहिली असंल." मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं. यंत्र गेलं खड्ड्यात, पण पोराचं लग्न!

मी रस्त्यावर जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिलो. एक गाडी थांबली. बाजारला निघालेल्या शेळ्यांनी खच्चून भरलेली. ड्रायव्हरने आम्हाला एकदा बघितलं आणि काही न विचारता मागचं फळकं उघडलं. भला माणूस!

मांडवाच्या दारात फळकं पडलं. आधी चार शेळ्या उतरल्या, मग नवरदेव. फुलांच्या मुंडावळ्या वाटेतच शेळ्यांनी खाल्ल्या होत्या. भटजींनी घड्याळाकडे बघत थेट मंगलाष्टकं सुरू केली. बाराला अक्षता पडल्या. अंतरपाट दूर होताच पिवळा नवरदेव बघून मोहिनी फिसकन हसली आणि मग बजरंगही हसला. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. अक्काने मात्र माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

जेवणाच्या पंगतीत व्याही विचारायला लागले, "नवरदेव शेवटी आले कशात?"

दाजी इतके दिवस याच प्रश्नाची वाट बघत असावेत. द्रोण खाली ठेवून, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असे म्हणाले, "आमचा हनुमान शब्दाचा पक्का! म्हणला व्हता, पिकप येईल अन् सगळं हट्टा बघंल. आला का न्हाई पिकप? बराबर आला! शेळ्यांसकट!"

सगळी पंगत हसली. मी मान खाली घालून वरणात भात कालवत राहिलो. आजही लोक दुकानात येतात, मांडवाचा भाव विचारतात आणि जाता जाता डोळा मारून म्हणतात, "अन् तो पिकप?"

पण एक सांगू? दाजींना कळवू नका. त्या पिकपला पिकप मात्र झकास होता!