सुमनआक्कांचा बस्ता

आमच्या सुमनआक्का साडी कानानं पारखतात. दुकानदारानं साडी पुढं टाकली, की तिचा कोपरा मुठीत धरायचा, कानापाशी नेऊन चुरगळायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. तेवढा वेळ दुकानातली सगळी माणसं गप्प. मग निकाल लागतो. "खोटं बोललालीय." म्हणजे रेशीम नाही. किंवा, "खरी हाय, पण लई बडबडी हाय बया." म्हणजे खळ जास्त आहे, पहिल्याच धुण्यात गळाठणार.

मी देगलूरची. लग्न होऊन लातुरात आले ती आक्कांच्या शेजारीच. त्यांचं माहेर उदगीरचं, आणि आक्का हे नाव तिकडूनच त्यांच्यासोबत आलेलं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. घरात एकट्याच. आमच्या गल्लीत कुणाचंही लग्न ठरलं, की पत्रिका छापायच्या आधी आक्कांना निरोप जातो, कारण बस्ता बांधायला त्या लागतात. नवरीच्या शालूपासून मानपानाच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळं कापड एका बैठकीत घ्यायचं, तो बस्ता. बैठक सकाळी सुरू होते. आक्का असल्या तर कधी संपेल हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

आम्ही राहतो गंजगोलाईच्या मागं. मधोमध देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि तिथून सोळा रस्ते फुटलेले. एकेका रस्त्याला एकेक धंदा. नवखा माणूस तिथं हमखास चुकतो. मीही चुकायचे. तेव्हा आक्कांनी मला हे रस्ते नात्यांत बसवून शिकवले.

"सराफ लाइन म्हंजी थोरली जाऊ. बघून हसती, पण बस म्हनत न्हाई. भुसाराची लाइन सासरा. आवाज मोठा, मन मोकळं. मोबाइलवाल्यांची लाइन म्हंजी धाकटा दीर. काम काय करतो कुनालाच ठावं न्हाई, पण कपडे झकास!"

"आणि कापड लाइन?" मी विचारलं.

"ती माझी मायच की गं," आक्का म्हणाल्या. "कवाबी जावं, मांडी घालून बसावं."

ही मांडी घालून बसण्याची सवय एकदा नांदेडात अंगाशी येता येता राहिली. माझ्या पुतणीच्या बस्त्याला तिच्या सासरची मंडळी आम्हाला तिथल्या एका चकचकीत शोरूममध्ये घेऊन गेली. काचेची दारं, गार हवा, हँगरला टांगलेल्या साड्या. आक्कांनी दारातच चपला काढल्या, चहूकडं पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "गादी कुठाय गं?" गादी नव्हती. तेव्हा शालू नेसवलेल्या पुतळ्यासाठी जो उंचवटा केला होता, त्यावर त्या चढल्या, पुतळ्याला जरा पलीकडं सरकवलं, मांडी घातली आणि म्हणाल्या, "हां, काढा आता."

तिथली सेल्सगर्ल आधी घाबरली. मग साड्या आणून आक्कांसमोर टाकू लागली. तासाभरात शोरूममधल्या दुसऱ्या दोन बस्त्यांच्या बायका आपापल्या साड्या घेऊन आक्कांच्या कानाशी रांगेत उभ्या! निघताना मालकानं स्वतः चहा पाजला. आक्का मात्र गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "दुकान चांगलं हाय. पण टांगलेल्या कापडाशी बोलता येत न्हाई गं."

आक्कांना एकच मुलगी, वैशाली. पुण्यात नोकरी करते. तिथंच तिनं सोबतच्या एका मुलाशी नोंदणी करून लग्न केलं आणि झाल्यावर आईला फोन केला. त्या वेळी मी आक्कांच्या स्वयंपाकघरात बसले होते. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या. "जेवलीस का?" म्हणाल्या. फोन ठेवला. त्या दिवशी दुपारी पलीकडच्या घराचा बस्ता होता. मला वाटलं, आज काही जायच्या नाहीत. पण त्या पदर नीट करून माझ्या आधी दारात उभ्या. दुकानात गेल्यावर परक्या पोरीच्या खांद्यावर शालू टाकून त्या बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी नवरीच म्हणाली, "आक्का, हात दुखला असेल. ठेवा ना."

वैशाली नंतर कितीदा ये म्हणूनही आली नाही, की आक्कांनीच बोलावलं नाही, हे मला कधी कळलं नाही. दोघीही विषय निघू देत नसत. फोनवर जेवणाखाणाचं बोलणं रोज व्हायचं, इतकंच.

मागच्या दिवाळीनंतर ती आली, नवऱ्याला घेऊन. मुलगा कोलकात्याचा, नाव अनिर्बान. आक्कांनी उंबऱ्यातच त्याचा अनिरुद्ध करून टाकला. पुरणपोळी झाली, ओवाळणं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं दोघं परत निघणार होते. सकाळीच आक्का आमच्याकडं आल्या.

"बस्ता बांधायचाय. चल."

"कुणाचा?"

"वैशूचा. ऱ्हायलाय न्हवं? तू वरमाय म्हून बस. त्येंची माय काय कोलकात्याहून येनार न्हाई आज."

वैशाली कुरकुरली. "आई, मी साडी नेसते का कधी? आणि आमची गाडी आहे." पण गेलो. नेहमीचं दुकान, पांढरी गादी. जावयाला लोडाशी बसवलं. मी वरमाय म्हणून पदर डोक्यावर घेऊन बसले आणि हसू दाबत राहिले.

साड्या पडू लागल्या. हिरवी नको. जांभळी नको. मोरपंखी बरी होती, पण काठ बारीक. मला तिच्यात काहीच खोट दिसेना. दुकानदारालाही दिसेना. तो म्हणाला, "आक्का, तुम्हीच गेल्या बस्त्याला हिला पहिला नंबर दिला होता की!"

"तवाची गोष्ट येगळी," आक्का म्हणाल्या आणि मोरपंखी बाजूला सारली.

गादीवर ढीग वाढत गेला. जावईबापू घड्याळ बघू लागले. वैशाली चिडून काहीतरी बोलणारच होती, पण थांबली. आक्का तिच्या अगदी लगत बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघा लावून. प्रत्येक साडी तिच्या खांद्यावर टाकत होत्या, पदर सारखा करत होत्या, तिच्या मानेवरचे केस बाजूला घेत होत्या. मग "नको" म्हणून पुढची मागत होत्या. त्यांची नजर साडीवर क्वचितच जात होती.

वैशाली आईच्या हाताकडं पाहत राहिली. मग नवऱ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाली, "तिकीट रद्द कर. आपण उद्या जाऊ." आणि तिनं मांडी घातली.

"भाऊ," ती दुकानदाराला म्हणाली, "मला एकही आवडली नाही. वरच्या फळीवरच्या सगळ्या काढा."

आक्का एकदम म्हणाल्या, "आगं, त्याला किती तरास देशील?"

"देऊ दे की आई," वैशाली म्हणाली. "लग्न काय रोज होतं?"

आक्कांनी तोंड फिरवलं. समोरची एक साडी उगीच उलगडली, पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडली. दुकानदार शिडीवर चढला.